उंदरात लिव्हर फ्लूक: इओसिनोफिल एवढे वाढतात तरी फ्लूक मरत का नाही?

सूक्ष्मदर्शी

नमस्कार सगळ्यांना. मी पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रात एमव्हीएससी करतेय, सेमिनारला विषय घेतलाय उंदरातलं फॅसिओला हेपॅटिका (लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात राहणारा चपटा कृमी) इन्फेक्शन आणि त्यात इम्यून सेल्स नेमकं काय करतात. वाचून वाचून एका जागी अडकलेय म्हणून इथे विचारतेय.

जो पेपर उघडावा त्यात तेच, की टीएच२ रिस्पॉन्स (जंतांविरुद्ध टी सेल्सनी चालवलेला) येतो, आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही सायटोकाइन (पेशींचे निरोप नेणारे रेणू) वाढतात, रक्तात आणि पोटाच्या पोकळीत इओसिनोफिल (जंतांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी) चढतात, मॅक्रोफेज (भक्षक पेशी) एम२, म्हणजे दुरुस्तीकडे वळलेल्या प्रकारचे होतात, आर्जिनेज-१, वायएम१, फिझ१ सगळे मार्कर वर. पण आम्हाला शिकवलंय की निप्पोस्ट्राँगायलससारखे आतड्यातले जंत उंदीर याच टीएच२ रिस्पॉन्सच्या जोरावर बाहेर काढतो. मग इथे तोच रिस्पॉन्स एवढा जोरात असताना फ्लूक लिव्हर पोखरत पित्तनलिकेपर्यंत पोचतो कसा? उलट उंदीरच आधी मरतो बऱ्याचदा.

दुसरं, मॅडमनी मला जुन्या प्रयोगातली एक स्लाइड दिलीय, इन्फेक्टेड उंदराचं लिव्हर, एच अँड ई रंग दिलेलं. त्यात फ्लूक गेलेली वाट स्पष्ट दिसते, मधे मेलेल्या हिपॅटोसाइट्स (लिव्हरच्या पेशी) आणि रक्त, आणि वाटेच्या कडेने इओसिनोफिलची अक्षरशः दाटी. पण एका कोपऱ्यात फ्लूकचाच छेद आलाय आणि त्याच्या भोवती मात्र जवळपास काहीच नाही, चांगल्या हिपॅटोसाइट्सना खेटून बसलाय. हे मला कळत नाही, पेशी तिथे आहेत पण त्याच्यापाशी का नाहीत.

तिसरं, त्याच प्रयोगाच्या पेरिटोनियल वॉशचा (पोटाची पोकळी धुऊन काढलेल्या पेशींचा) फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी मार्करवरून ओळखून मोजायची पद्धत) डेटा आहे, सातव्या दिवसाचा. एफ४/८० हा मार्कर जास्त असलेले मॅक्रोफेज कंट्रोलपेक्षा कमी झालेत आणि मधल्या एफ४/८० चा मोठा ढग आलाय, ज्याला आधी कोणीतरी 'छोटे मॅक्रोफेज' असं लेबल लावून ठेवलंय. हे बरोबर आहे का?

कोणी यावर काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.


सह्याद्री_ते_डब्लिन

छान प्रश्न आहे आणि स्लाइडचं निरीक्षण तर फारच छान, कारण अर्धं उत्तर त्याच स्लाइडमध्ये आहे.

आधी वेळापत्रक डोक्यात पक्कं कर. उंदराला मेटासर्केरिया (फ्लूकची कवचातली, संसर्ग करणारी अवस्था) तोंडावाटे दिले की ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) कवच फोडून पिल्लू फ्लूक बाहेर येतो, आणि काही तासांत आतड्याची भिंत पार करून पोटाच्या पोकळीत. एका दिवसात बहुतेक सगळे पलीकडे गेलेले असतात. साधारण चौथ्या दिवशी लिव्हरच्या कॅप्सूलमधून आत, मग दोन-तीन आठवडे पॅरेन्कायमात (लिव्हरच्या मुख्य टिश्यूत) भटकंती, आणि तीन-चार आठवड्यांच्या सुमारास पित्तनलिकेत. आता निप्पोस्ट्राँगायलस बघ, तो आतड्याच्या पोकळीत येऊन राहतो, तिथे गॉब्लेट सेल्सचा म्युकस आणि आतड्याचं आकुंचन यांनी त्याला ढकलून बाहेर काढता येतं. फ्लूक आतड्यात थांबतच नाही तर ढकलणार कोणाला? तोच टीएच२ रिस्पॉन्स, पण ज्या कामासाठी तो बनलाय ते काम करायला इथे जागाच मिळत नाही. म्हणून टीएच२ म्हणजे संरक्षण असं समीकरण जंत कुठला आणि राहतो कुठे हे न बघता लावायचं नाही, हे सेमिनारमध्ये पहिल्या पाच मिनिटांत सांग.

आता स्लाइड. तू जे बघतेयस ते क्लासिक आहे. दाटी दिसते ती फ्लूक जिथून गेला तिथे, आणि फ्लूक स्वतः ताज्या टिश्यूत पुढे सरकलेला. रक्तातून पेशी बोलावून आणायला वेळ लागतो, तोपर्यंत हा पुढे. आणि नुसता पळतोय असंही नाही, जिथे पेशी गाठतात तिथेही निसटतो. त्याच्या अंगावर ग्लायकोकॅलिक्सचा, म्हणजे साखरेच्या रेणूंचा थर असतो तो सतत टाकत राहतो आणि खालून नवा आणतो, पिल्लू फ्लूकमध्ये हे दर दोन-तीन तासांनी होतं असं १९८० च्या सुमाराच्या कामात दाखवलंय. म्हणजे अँटीबॉडी चिकटली, इओसिनोफिलने ती धरली, आणि तेवढ्यात तो थरच सुटून गेला, इओसिनोफिलने सगळा दारूगोळा त्या सुटलेल्या सालीवर उडवला. शिवाय कॅथेप्सिन एल नावाची प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) हा भरभरून सोडतो आणि ती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी तोडते, हेही १९९३ पासून माहीत आहे. तीच कॅथेप्सिन मॅक्रोफेजच्या आतला टीएलआर३ (धोका ओळखणारा रिसेप्टर) पण कापते, हे २०१० च्या पेपरमध्ये आहे. टिश्यू पोखरायचं हत्यार आणि इम्यून सिस्टिम बोथट करायचं हत्यार एकच, हे मला या परजीवीचं सगळ्यात विलक्षण वाटतं.

मॅक्रोफेजचं पण सांगतो. एम२ होतात ते फक्त आयएल-४ मुळे नाही. फ्लूक पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाचं अँटिऑक्सिडंट एन्झाइम सोडतो, त्याला जुन्या पेपरात थायोरेडॉक्सिन पेरॉक्सिडेज म्हटलंय, आणि ते नुसतं शुद्ध करून उंदराच्या पोटात टोचलं तरी मॅक्रोफेज एम२ कडे वळतात. हे २००५ मध्ये दाखवलं, आणि २००८ मध्ये त्याच गटाने दाखवलं की हे मॅक्रोफेज पुढे टी सेल्सना टीएच२ कडे नेतात. म्हणजे परजीवी स्वतः रिस्पॉन्सची दिशा ठरवतोय. आणि आर्जिनेज-१ चढलं की काय होतं, आर्जिनिन तिकडे वळतं, नायट्रिक ऑक्साइड बनवायला उरत नाही, त्याऐवजी प्रोलीन आणि कोलॅजनकडे रस्ता जातो. चोर घरात असतानाच गवंडी भिंतीला गिलावा करायला लागावा तसं चाललेलं असतं. उंदराला हे लागतंच म्हणा, कारण लिव्हरमध्ये एवढे बोगदे पडल्यावर ते बुजवले नाहीत तर रक्तस्राव होऊन तो मरेल, आणि जे मरतात ते बरेचसे त्यानेच मरतात. त्यामुळे हा रिस्पॉन्स 'फेल' झाला असं लिहू नकोस, तो उंदराला जगवायचं काम करतोय, फ्लूकला मारायचं नाही.


पेशीमोजणी

फ्लोच्या प्रश्नाचं मी बोलते, कारण ही गडबड मी बऱ्याच डेटामध्ये बघितलीय.

तुझ्या पॅनेलमध्ये सिग्लेक-एफ (इओसिनोफिल ओळखायचा मार्कर) आहे का? नसेल तर तो मधला ढग 'छोटे मॅक्रोफेज' आहे असं अजिबात म्हणू नकोस. पोटाच्या पोकळीतले इओसिनोफिल एफ४/८० मध्यम दाखवतात आणि सीडी११बी पण दाखवतात, म्हणजे या दोनच मार्करवर गेट (पेशी निवडायची चौकट) लावला तर ते बरोबर त्या जागी येऊन बसतात. साइड स्कॅटर (पेशी किती दाणेदार ते) बघ, इओसिनोफिल ग्रॅन्युलमुळे वर असतात. छोटे मॅक्रोफेज एमएचसी क्लास दोन जास्त दाखवतात, इओसिनोफिल नाही. आधी लाय६जी ने न्यूट्रोफिल बाजूला काढ, मग सिग्लेक-एफ ने इओसिनोफिल, आणि मग उरलेल्यात मॅक्रोफेज शोध, मोठ्यांना आयकॅम-२ किंवा गाटा६ लावलं तर आणखी खात्री. फ्लूकच्या सातव्या दिवशी तो ढग बहुतांशी इओसिनोफिलचाच असणार असं मला वाटतं, पण जुनी सायटोस्पिनची स्लाइड ठेवली असेल तर जीम्सा करून डोळ्यांनी बघ, गुलाबी दाणे आणि कड्यासारखा न्यूक्लियस दिसला की वादच मिटला. तेवढ्याला पाचशे पेशींची मोजणी पुरते आणि परीक्षकांना ते ग्राफपेक्षा जास्त पटतं.

मोठे मॅक्रोफेज कमी झाले याचा अर्थ ते मेले असाही लगेच काढू नका कोणी. पोकळीत सूज आली की ते एकमेकांना आणि ओमेंटमला (पोटातल्या चरबीच्या पडद्याला), मेसोथेलियमला (पोकळीच्या अस्तराला) चिकटतात आणि वॉशमध्ये येतच नाहीत, याला लोक मॅक्रोफेज डिसअपिअरन्स म्हणतात. आणि दुसऱ्या बाजूने, टीएच२ सुजेत आयएल-४ मुळे तिथले जुने मॅक्रोफेज जागच्या जागी वाढतात, नवे मोनोसाइट न बोलावता, हे २०११ मध्ये एडिंबराच्या गटाने फायलेरियाच्या जंताच्या मॉडेलमध्ये दाखवलंय. म्हणजे एकाच वॉशमध्ये काही चिकटून हरवतायत, काही विभाजन पावतायत, काही रक्तातून नवे येतायत. फक्त टक्केवारी दिली तर यातलं काहीच कळत नाही. वॉश किती मिलीलीटर मिळाला आणि एकूण पेशी किती ते वहीत असेल तर अ‍ॅब्सोल्यूट आकडे काढ, इओसिनोफिल दहापट वाढले की बाकी सगळ्यांची टक्केवारी आपोआप खाली येते, ते 'कमी झाले' असं वाटतं फक्त.

पुढे लिव्हरच्या पेशी काढायची वेळ आली तर पोर्टल व्हेनमधून परफ्यूज करून कोलॅजिनेजने डायजेस्ट करा. नुसतं जाळीतून घासून पर्कोल (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) लावलं की लिम्फोसाइट छान मिळतात पण कुप्फर सेल्स (लिव्हरचे स्वतःचे मॅक्रोफेज) हातातून जातात आणि ग्रॅन्युलवाले पण त्या थरात नीट येत नाहीत, मग 'लिव्हरमध्ये इओसिनोफिल नाहीत' असा निष्कर्ष निघतो आणि स्लाइडवर मात्र ते ढिगाने दिसत असतात.


सूक्ष्मदर्शी

खूप खूप आभार दोघांचे. पेशीमोजणी ताई, सिग्लेक-एफ पॅनेलमध्ये आहे पण आधीच्या गेटिंगमध्ये वापरलेलाच नाही, मी आज फाइल्स परत उघडते.

सह्याद्री दादा, एक विचारू का, मग टीएच२ बंद केला, म्हणजे आयएल-४ नॉकआउट (ते जनुक बंद केलेला) उंदीर घेतला आणि टीएच१ (टीएच२ च्या उलटा, मॅक्रोफेजना मारक बनवणारा रिस्पॉन्स) वर आला, तर फ्लूक मरायला पाहिजे ना? आणि स्प्लीन सेल्सना फ्लूकचं अँटिजन दिल्यावर इंटरफेरॉन गॅमा (टीएच१ चं मुख्य सायटोकाइन) एवढं कमी का येतं, फक्त आयएल-४ मुळे की आणखी काही?


गोठ्यातला_डॉक्टर

मी प्रॅक्टिस करणारा पशुवैद्य, विदर्भात धानाच्या पट्ट्यात. लॅबचं फारसं कळत नाही पण एक मनापासून सांगतो, उंदरावरून म्हशीवर उडी मारू नका.

एक तर आपल्याकडे मैदानी भागात मिळतो तो फॅसिओला जायगँटिका, हेपॅटिका थंड भागातला, हिमालयाच्या बाजूला. फ्लूक जिच्यात आधी वाढतो ती गोगलगाय वेगळी, फ्लूकचा आकार वेगळा, वाढायला लागणारा काळ वेगळा. आणि उंदीर हे असं जनावर आहे की थोडे मेटासर्केरिया दिले तरी आडवा होतो. म्हैस वर्षानुवर्षं फ्लूक घेऊन फिरते, तलावाच्या काठचं गवत खाते, दूध हळूहळू कमी होतं, जबड्याखाली पाणी उतरतं तेव्हा मालक मला बोलावतो. तेव्हा लिव्हर कापून बघितलं तर पित्तनलिका पाइपसारख्या जाड, सुरी लावली की करकर आवाज. हा आजार आणि तीन आठवड्यांत मरणारा उंदीर यात मला साम्य कमी दिसतं. लशींचंही तेच ऐकतो, उंदरात चांगला रिझल्ट, गाई-मेंढ्यांत गेलं की कधी आहे कधी नाही, आणि अजून एकही लस माझ्या हातात आलेली नाही. आम्ही अजून औषधावरच, ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या फ्लूकवर चालतं पण लिव्हरमध्ये फिरणाऱ्या पिल्लांवर नाही, तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, आणि त्याचा रेझिस्टन्स ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच नोंदवला गेला. म्हणून लस पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण जे जनावर फ्लूकला खरंच मारतं त्याचा अभ्यास करा ना, मरणाऱ्याचा काय करायचा.


सह्याद्री_ते_डब्लिन

डॉक्टरसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे आणि सुदैवाने तसा अभ्यास झालाय. घरचा उंदीर नाही पण मोठा उंदीर, म्हणजे रॅट, पहिलं इन्फेक्शन झालं की दुसऱ्या वेळी जबरदस्त प्रतिकार करतो, आणि तो प्रतिकार आतड्याच्या भिंतीत आणि पोकळीतच होतो, लिव्हरला पोचायच्या आत. तिथे पिल्लू फ्लूकभोवती अँटीबॉडीचा थर आणि इओसिनोफिल दिसतात. रॅटच्या पोकळीतल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड वापरून पिल्लांना बशीत मारतात हे २००१ चं काम आहे. आणि तुमच्या जायगँटिकाला थेट लागू होणारं उदाहरण म्हणजे इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी. ती जायगँटिकाला चांगला प्रतिकार करते पण हेपॅटिकाला नाही, मेंढी तीच! तिच्या पोकळीतल्या पेशी जायगँटिकाच्या पिल्लांना सुपरऑक्साइडने मारतात, हेपॅटिकाची पिल्लं त्यातून वाचतात. त्यामुळे जायगँटिका आणि हेपॅटिका वेगळे मोजा हा तुमचा मुद्दा सेमिनारमध्ये यायलाच हवा.

पण उंदीर टाकून द्या म्हणाल तर मी नाही म्हणेन. जनुकं बंद करून बघायची सोय, अँटीबॉडी देऊन एकेक सायटोकाइन अडवायची सोय म्हशीत कुठे आहे? कोणता रेणू कोणत्या पेशीला वळवतो हे उंदरातच सुटतं, लस चालेल का हे उंदरात सुटत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जिथे लोकांनी ते एक समजले तिथेच निराशा झाली.

आता सूक्ष्मदर्शी, तुझा प्रश्न. टीएच१ वर आणला की फ्लूक मरेल असं सरळ नाही. इंटरफेरॉन गॅमाने मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड बनवतील खरं, पण लिव्हरमध्ये पोचलेल्या, वाढलेल्या फ्लूकला ते पुरत नाही आणि त्यात लिव्हरचंच नुकसान जास्त होतं. मारायची खिडकी म्हणजे पोकळीतले ते पहिले तीन-चार दिवस, फ्लूक पाव मिलीमीटरच्या आसपासचा असतो तेव्हा, आणि पहिल्यांदाच इन्फेक्ट झालेल्या उंदराकडे त्या वेळी ना विशिष्ट अँटीबॉडी असते ना तयार टी सेल्स. इओसिनोफिल गर्दी करेपर्यंत बरेचसे फ्लूक लिव्हरमध्ये शिरलेले. म्हणून तुझ्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर एका ओळीत, इओसिनोफिल कमी पडत नाहीत, उशिरा आणि चुकीच्या जागी पोचतात, आणि पोचतात तेव्हा त्यांना धरायला अंगावर काही टिकत नाही.

इंटरफेरॉन गॅमा कमी येण्याचं, आयएल-४ हे एक कारण नक्की. १९९९ मध्ये आयर्लंडमध्ये एक फार सुंदर प्रयोग झाला, उंदरांना फ्लूक देऊन डांग्या खोकल्याच्या जंतूविरुद्धचा टीएच१ रिस्पॉन्स बघितला. फ्लूक असलेल्या उंदरांत तो दबला, फुप्फुसातले जंतू जायला उशीर लागला, आणि आयएल-४ नसलेल्या उंदरांत हा दाब बराच कमी झाला. म्हणजे आयएल-४ चा वाटा आहे पण सगळं तेच नाही. इन्फेक्शन जुनं होत जातं तसं आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही रिस्पॉन्स दाबणारी सायटोकाइन येतात, टी सेल्स सुस्त पडतात, अँटिजन दिलं तरी नीट विभाजन पावत नाहीत. फ्लूकच्या त्वचेतलं अँटिजन डेंड्रिटिक सेल्सना दिलं तर त्या मॅनोज रिसेप्टरमार्फत टी सेल्सना तसं सुस्त करतात हेही २०१६ मध्ये दाखवलंय. आणि २००९ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या लोकांनी ईएई, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं उंदरातलं मॉडेल, त्यात फ्लूक देऊन बघितलं तर आजार सौम्य झाला, टीएच१ आणि टीएच१७ दोन्ही दबले, आणि तो दाब टीजीएफ-बीटामुळे होता, आयएल-१० नसलेल्या उंदरातही टिकला. पेपर वाचताना हे वेगळं काढ, कारण बरेच जण 'आयएल-१० मुळे दबतं' असं सरसकट लिहून मोकळे होतात.


गोठ्यातला_डॉक्टर

हे डांग्या खोकल्याचं वाचून मला गाईंच्या टीबीची आठवण झाली. २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या दुधाळ गाईंवर मोठं काम आलं होतं की ज्या भागात फ्लूक जास्त तिथे ट्युबरक्युलिन टेस्टमध्ये टीबी कमी सापडतो, म्हणजे टीबी असून टेस्ट हुकते. ती टेस्ट टीएच१ वरच चालते ना. मग उंदराचा एवढा तरी उपयोग मानतो, ती कल्पना तिथूनच आली असणार. आपल्याकडे टीबीची टेस्ट घेताना फ्लूकची शेण तपासणी सोबत केलेली मी कधी बघितली नाही, जायगँटिकाही असंच करतो का हे कोणीतरी आपल्या म्हशींत बघायला हवं, आणि ते काम खरंच आपलं आहे.


पेशीमोजणी

डॉक्टर, हा विषय कोणीतरी पीएचडीला घ्यावा असा आहे. रक्त घेऊन ट्युबरक्युलिन दिल्यावर इंटरफेरॉन गॅमा मोजणारी टेस्ट आहेच, फ्लूक असलेल्या आणि नसलेल्या म्हशींत तीच लावायची. फक्त शेणात अंडी दिसायला जवळपास तीन महिने किंवा जास्तही लागतात, लिव्हरमध्ये पिल्लं फिरत असतात तेव्हा शेण निगेटिव्ह येणार, म्हणून सोबत अँटीबॉडीची एलायझा ठेवावी लागेल.


सूक्ष्मदर्शी

फाइल्स परत गेट केल्या. सिग्लेक-एफ लावल्यावर त्या मधल्या ढगातला मोठा भाग इओसिनोफिलमध्ये गेला, खरे छोटे मॅक्रोफेज थोडेच उरले. एकूण पेशींची नोंद वहीत सापडली, अ‍ॅब्सोल्यूट आकड्यांत मोठे मॅक्रोफेज तितकेसे कमी नाहीत, ताई म्हणाल्या तसंच. सेमिनारची मांडणी बदलतेय, आधी फ्लूकचा प्रवास आणि त्याच्याच सोबत त्या त्या जागेच्या पेशी, सायटोकाइनची यादी नंतर. मॅडम म्हणतायत आयएईसीची (प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची) परवानगी मिळाली तर पुढच्या बॅचमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचा वॉश पण घेऊ. मेटासर्केरिया हाताळताना काय काळजी घ्यायची?


सह्याद्री_ते_डब्लिन

माणसालाही होतो हे कायम लक्षात ठेव, जगात किमान २४ लाख माणसांना फॅसिओला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ग्लोव्हज, तोंडाजवळ हात नाही, मेटासर्केरिया ठेवलेल्या फ्रिजमध्ये खायचं काही नाही, आणि उरलेले उकळत्या पाण्यात मारूनच टाकायचे, सिंकमध्ये तसेच ओतायचे नाहीत. उंदराला द्यायच्या आधी मायक्रोस्कोपखाली मोजून घे आणि दिल्यावर सुई-सिरिंज धुऊन त्यात किती चिकटून राहिले ते पण मोज, ते प्लास्टिकला फार चिकटतात आणि डोस कमी गेलेला कळतच नाही. दुसऱ्या दिवशीच्या वॉशमध्ये पेशी वेगळ्या करायच्या आधी पाणी पेट्री डिशमध्ये डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बघ, वळवळणारी पिल्लं दिसतील, ती पण मोजून ठेव. पेशी आणि फ्लूक एकाच उंदरातून मोजलेले असले तर त्या डेटाला खरी किंमत येते.